हे त आमच्याच गाडीवरची हाय!

कामठीजवळ कन्हानच्या काठावर पावसाने दरड धसली होती. तिच्यातून ती बाटली डोकावत होती. जाड हिरवट काच, चिमटा काढल्यासारखा गळा, आत कंचा. कामठीची छावणी 1821 ची. गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने घेतले ते 1872 मध्ये. घरी पोचेपर्यंत माझ्या मनात ती 1880 ची, कुण्या गोऱ्या सोजिराने फेकलेली ठरूनही गेली होती. काचेत बुडबुडे होते, अंगावर मोरपिशी झाक होती. आणखी पुरावा कशाला हवा?

महिनाभर येईल त्याला दाखवली. शेवटी ओळखीच्या एका सोडावाल्या काकांपुढे ठेवली. त्यांनी तोंडाची कड अंगठ्याने चाचपली, बुडाजवळची माती नखाने खरवडली. खालून देवनागरी अक्षरे निघाली. "काहून हो भाऊ, हे त आमच्याच गाडीवरची हाय. नव्वद-ब्याण्णव साली पेट्याच्या पेट्या आणल्या होत्या."

मी ती नीट धुतलीसुद्धा नव्हती.

माझी चूक मोजपट्टीची होती. बाटलीचे वय सांगणारे तक्ते विलायत-अमेरिकेचे. तिथे 1903 च्या सुमारास ओवेन्सचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र आले आणि हळूहळू साच्याची रेघ थेट ओठावरून जाऊ लागली. म्हणून रेघ ओठाखाली थांबली की बाटली जुनी, असा तिकडचा ठोकताळा. आपल्याकडे ओठ हाताने घडवायचे काम पुढेही कित्येक दशके चालले, आणि उत्तर प्रदेशातल्या सासनीत गोटीच्या बाटल्या या शतकातही होत होत्या. बुडबुडे तर कालच्या स्वस्त काचेतही सापडतात. मोरपिशी झाक ओल्या मातीची करणी: काचेतले क्षार झिरपतात, वर पापुद्रा धरतो. किती वर्षांत धरेल, हे काचेवर आणि मातीवर. बरे, देवनागरी दिसली म्हणून अलीकडची, असेही नाही. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना 1908 चा, ओगलेवाडीचा 1916 चा.

तेव्हा 'किती जुनी?' हा प्रश्न मी सोडला. आता विचारतो, 'कोणत्या सालाआधीची असूच शकत नाही?' पत्र्याच्या दातेरी बुचाचे तोंड असेल तर 1892 च्या आधीची नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर 1972 च्या आधीची नाही. मापाची खूण मिलिलिटरमध्ये असली, तर इथली बाटली बहुधा साठच्या दशकातली किंवा नंतरची. औंसावर मात्र भिस्त नको, बाळाच्या दुधाच्या बाटलीवर दोन्ही मापे असतात. आपल्याकडच्या औषधाच्या बाटलीवर 'सी. पी. अँड बेरार' दिसले तर हरखायला हरकत नाही. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला 1903 मध्ये आणि ते नाव गेले 1950 मध्ये. फक्त राज्याचे नाव बदलले म्हणून कारखानदार साचा दुसऱ्या दिवशी भंगारात काढत नाही, एवढे लक्षात ठेवा.

धुण्याचीही एक फजिती आहे. जानेवारीच्या सकाळी एका निळ्या चौकोनी बाटलीत कढत पाणी ओतले. टच्च आवाज झाला आणि बूड हातात आले. साधे पाणी घ्या, रात्रभर भिजू द्या, ॲसिड लावू नका. आत काही उरले असेल तर वास घेऊन बघू नका. आणि छावणीच्या हद्दीत परवानगीशिवाय खुरपे चालवू नका. शंभर वर्षांपुढच्या ऐतिहासिक वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो.

शिवाय आपल्याकडे बाटली एकदा रिकामी झाली म्हणून संपत नाही. कबाडी नेतो, कुणी रॉकेल भरतो, कुणी फिनाईल. घडली कधी आणि मातीत गेली कधी, यांत चाळीस वर्षे सहज जातात.

माझी कन्हानकाठची बाटली आता माझ्याकडे नाही. त्या दिवशी काकांनी ती गाडीखालच्या पेटीत ठेवून दिली. गोटी सोड्याची बाटली पिऊन झाल्यावर परत करायची असते.