कांद्याकडून पाण्याची परीक्षा

बालमित्रांनो, गढूळ पाणी आपण पीत नाही. पण नितळ दिसणारं पाणी चांगलंच असतं का? नाही! पिकावर फवारलेले कीटकनाशक पावसाबरोबर ओढ्यात, विहिरीत उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही. घरी आपण त्याला 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे.

मग ओळखायचं कसं? शास्त्रज्ञांनी कांद्यालाच कामाला लावलं. १९३८ साली स्वीडनमधील आल्बर्ट लेव्हान यांनी रसायनाचा कांद्याच्या मुळांवर होणारा परिणाम पाहिला. पुढे १९८५ साली तिथल्याच फिस्केशो यांनी दूषित पाण्याच्या परीक्षेसाठी ही पद्धत नीट बसवून दिली.

साहित्य : सारखे दहा लहान कांदे, दहा पेले, मोजपट्टी.

कृती :
१. कांद्याची वाळकी साल व जुनी मुळे काढा. बुडाला इजा होऊ देऊ नका.
२. पाच पेल्यांत पिण्याचे खात्रीचे पाणी भरा. त्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असेल तर पाणी आधी एक दिवस उघडे ठेवा. उरलेल्या पाचांत तपासायचे पाणी भरा. ते मोठ्या माणसांनीच आणावे.
३. प्रत्येक पेल्यावर एक कांदा ठेवा. फक्त बूड पाण्याला टेकावे. पेले सावलीत ठेवून पाणी रोज बदला.
४. चौथ्या दिवशी मुळे मोजून सरासरी काढा.

असे का होते? मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या दोन पेशी होत राहतात, म्हणून मूळ वाढते. विषारी पाण्यात हे काम मंदावते. मुळे आखूड राहतात, वाकतात, सुजतात. समजा, चांगल्या पाण्यात सरासरी ४ सें.मी. भरली आणि दुसऱ्यात २ सें.मी., तर वाढ निम्मीच झाली. त्या पाण्याचा संशय घ्यावा.

पण लक्षात ठेवा! कांदा 'काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगतो. विष कोणते, ते सांगत नाही. खारट पाण्यातही मुळे खुरटतात. उलट मुळे छान वाढली म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. थोडे विष कांदा सोसतो. प्रयोगासाठी औषधाच्या डब्याला हात लावू नका. प्रयोगाचे कांदे खाऊ नका, गुरांनाही घालू नका. ते मातीत पुरा, कुजून जातील. हात साबणाने धुवा.

पालकांना विनंती : पाणी उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो, पण कीटकनाशक जाईलच असे नाही. म्हणून ते पाण्यात जाऊच देऊ नये. फवारणीचा पंप विहिरीवर, ओढ्यावर धुऊ नका. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नका. संशय आला तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी प्रयोगशाळेत पाठवा, आणि 'कीटकनाशकाचीही तपासणी करा' असे मुद्दाम सांगा.

विहीर एकाची असली तरी खालचे पाणी साऱ्या गावाचे असते!