पोरी, अर्जाच्या आधी एवढं ऐक

बचत गटातर्फे ओढ्याच्या कामासाठी अनुदान मागणार म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. आता जरा टेक. घाई तुझ्या रक्तातच आहे, पण हे काम सावकाश माणसाला फळतं.

१. जागा कोणाची ते आधी सातबाऱ्यावर बघ. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घे, गायरान असेल तर ठराव, वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी — चर खणून झाले की हक्क सांगणारे उगवतात.

२. विषय आधी महिला सभेत मांड. ग्रामसभेपूर्वी ती घ्यायची, असं कायदाच सांगतो — हंडा घेऊन लांब कोण जातं, ते तिथेच कळतं.

३. ठरावाला घाई करू नकोस. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. वेळ जातो, पण याच गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला — सगळ्यांचा होकार असला की रात्री बांध फोडायला कोणी जात नाही.

४. झेपेल तेवढंच माग. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून गावगटांना पैसे देतो, आणि बरीच वर्षं त्याची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर होती — मर्यादा दिसली म्हणून तेवढं मागायचं नसतं.

५. श्रमदानाचा हजेरीपट रोज भर, सही-अंगठ्यासकट — गावाचा वाटा म्हणून तोच घाम रुपयांत धरला जातो.

६. ‘परदेशी देणगी आमच्या खात्यात घेऊ, मग तुम्हाला वळवू’ असं कुठली संस्था म्हणाली, तर हात जोड — २०२० च्या दुरुस्तीपासून ते कायद्यानं बंद आहे.

७. पक्कं बिल त्याच संध्याकाळी फाइलला. बिल पदराला, हप्ता अधांतरी!

८. चर मेअखेर, रोपं चांगल्या दोन पावसांनंतर. हप्ता दिवाळीत आला तर रोपं पुढच्या वर्षावर टाक आणि तसं लेखी कळव — रोप लावणारे शंभर, उन्हाळ्यात पाणी घालणारा एक.

९. काम सुरू होण्याआधी विहिरींची पातळी दोरीनं मोज, दिवाळीनंतर आणि मार्चअखेर. फोटोही दर खेपेला एकाच खडकावरून काढ — आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला कोण विचारतं?

१०. आणि हे नीट ऐक, कारण गावं इथेच फसतात. पाणी वाढलं की दुसऱ्याच वर्षी कोणीतरी बोअर घेतो, कोणी ऊस लावतो. हिवरे बाजार गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी तर केलीच, शिवाय शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळी यांनाही मनाई केली. दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवली. असे नियम अर्जासोबतच ठरावात लिहून घे — विहीर भरल्यावर ते कोणालाच पटत नाहीत.

११. पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्यातला गाळ कोण काढणार, ती नावं आणि घरटी वर्गणी त्याच ठरावात असू दे. ठरावाचा मसुदा झाला की मला वाचून दाखव, सह्यांच्या आधी.