गाजरगवताची खाज व नायटा

मृगाच्या सरी पडल्या की छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात बांधावर, पडीक रानात व रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण पिकास जसे घातक, तसेच कातडीसही होय. त्याच्या पानांवरील लवेत व परागात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते अंगास लागून, तसेच वाऱ्याबरोबर येऊनही, पापण्या, मान व कोपराच्या घड्या सुजतात, खाजतात. पुढे कातडी जाड व काळवंडलेली होते.

“वीस वर्षे हेच गवत उपटतो, मग आताच कसे बाधले?” असे शेतकरी विचारतात. ही बाधा पहिल्याच दिवशी होत नाही. वारंवार संपर्काने काहींच्या शरीरास ते द्रव्य सोसेनासे होते, आणि मग थोडाही स्पर्श पुरतो.

नायट्याची गोष्ट निराळी. तो बुरशीचा रोग असून जांघेत, कमरेवर कडा उचललेली वर्तुळे उठतात व एकाच टॉवेलाने घरभर पसरतो. येथेच घात होतो. गाजरगवताच्या बाधेवर डॉक्टर मोजके दिवस स्टेरॉइडयुक्त मलम देतात व गुण येतो. तेच मलम शेजारी नायट्यावर लावतो. दोन दिवसांत खाज थांबते, वर्तुळ पुसट होते, बुरशी मात्र आत फोफावते. दुकानातून मागून आणलेल्या मलमाने बरा होण्याजोगा नायटा महिनोन्‌महिने चिवट झालेला आढळतो.

फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे औषध विनामूल्य मिळते. सहा किंवा बारा महिने घेतल्यास रोग बरा होतो. तो लपवू नये.

ग्रामसेवकांनी व आशा सेविकांनी रोग्यास प्रथम आरोग्य केंद्रात पाठवावे. उतार न पडल्यास घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात. कोणते काम करतो, खाज कोणत्या ऋतूत वाढते, हे रोग्याने सांगावे व लावलेल्या मलमाची नळी बरोबर न्यावी. गरज वाटल्यास पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवसांनी तपासणी करतात.

गवत फुलावर येण्यापूर्वी, ओलीत, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासह उपटावे. ज्यास बाधा झाली आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. पानांवर मेक्सिकन भुंगेरे दिसल्यास मारू नयेत. हे तण खाण्यासाठीच ते १९८४ साली बंगळुरात सोडण्यात आले होते.