नव्या सरपंच भाचीला

सरपंच झालीस म्हणून पहिल्याच ग्रामसभेत पर्यावरणावर भाषण करू नकोस. ऊन वाढलंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, हे गावाला तुझ्या आधीपासून कळतंय. लोक माना डोलावतील आणि उठून घरी जातील. त्यापेक्षा एक लांब दोरी घे, हातहाताच्या अंतरावर गाठी मार आणि गावातल्या आठ-दहा विहिरींचं पाणी दर पंधरवड्याला मोजायला लाव. आकडे चावडीजवळच्या फळ्यावर लिही. शाळेत पर्जन्यमापक बसव, नोंद पोरांकडे दे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. हे गणित सातवीच्या पोरीला येतं, आणि तिने घरी सांगितलं की तिचा बाप ऐकतो.

पाण्यापासूनच सुरुवात कर, कारण शेवटी प्रश्न भाकरीचा आहे. १९७२ ला रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन आणि दुष्काळी कामावर खडी फोडून आमची पिढी तगली. ते दिवस गेले असं समजू नकोस. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, गहू जगभर महागला. त्यात मार्च-एप्रिलच्या उष्णतेने आपल्याकडच्या पिकाने मार खाल्ला, आणि मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली. त्याच सुमारास इंडोनेशियाने पामतेल अडवलं तेव्हा आपल्या बायकांना तेलाच्या डब्याची काळजी लागली. २०२३ च्या जुलैत आपण साधा पांढरा तांदूळ अडवला, तेव्हा तीच काळजी दुसऱ्या देशांतल्या घरांत गेली. २०२४ मध्ये जगात ६७ कोटींहून जास्त माणसं उपाशी होती असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. अडचणीत प्रत्येक देश आधी आपलं कोठार बघतो, बाई. गावानेही बघावं.

आता लोक कामाला कधी लागतात, ते सांगतो. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. ते पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार. त्यांनी पाणी जमिनीवर वाटलं नाही, माणसांवर वाटलं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. आणि खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी आधी स्वतः भरायचा. मी ग्रामसेवक म्हणून जन्मभर गावं पाहिली, त्यावरून सांगतो, या सगळ्यातला भूमिहीनाचा वाटा सर्वांत मोलाचा. ज्याला पाण्यात हक्क नाही, त्याला बांध घालायला बोलावलं तर तो मजुरी मागेल, आणि त्याचं बरोबरच आहे. हक्क दिलास तर रात्री पाटावर राखणही तोच करेल. फुकट योजनेचा पंप बिघडला की लोक पंचायतीकडे बोट दाखवतात. पदरचे पैसे घातलेले असले की संध्याकाळी पाना घेऊन येतात.

उसवाल्याला हावरट म्हणू नकोस. कारखाना ऊस नेतो, एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला किमान भाव, ठरलेली असते, म्हणून तो ऊस लावतो. ज्वारीला तेवढी खात्री कुणी दिली आहे का? ऊस साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी पितो, ज्वारी ४५० ते ६५० वर भागवते, हा आकडा त्याच्यासमोर मांड. पण त्याच बैठकीत ज्वारी विकत कोण घेणार हेही ठरव. बचत गटाकडून दळण, भाकरीचा धंदा, जवळच्या वसतिगृहाशी बोलणी, जे जमेल ते. कडब्याचा भाव हिशेबात धरायला विसरू नकोस. दुभतं जनावर असलेल्या घराला तिथेच पटतं. आणि एखादं बंधन घालायचं ठरलं, मग ते नव्या बोअरचं असो की उसाचं, तर ते आधी तुझ्या सासरच्या रानाला लाव. हिवरे बाजारला बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही हा नियम टिकला, तो सगळ्या गावाने एकत्र पाळला म्हणून.



महिला ग्रामसभा कायद्याप्रमाणे आधी घ्यायचीच असते. ती सहीपुरती उरकू देऊ नकोस. हंडा जिच्या डोक्यावर, तिला विहीर कधी आटते ते बरोबर ठाऊक असतं. सभा दुपारी ठेवू नकोस, रानातून येऊन चूल आटोपल्यावर ठेव.

आणि तारीख सांभाळ. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडलास तर उशीर होईल. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबरपासून महिनाभरात पेरायची असते, आणि बी घेऊन झालं की माणूस बेत बदलत नाही. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खास सभा लाव. तोवर पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी बघा, त्यातून माणसांना आणि जनावरांना उन्हाळ्यापर्यंत लागणारं पाणी वजा करा आणि उरेल त्यावर ज्वारी-हरभरा किती ते ठरवा. परतीचा पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरअखेर पुन्हा बसा आणि गहू-कांद्याचं तेव्हा बघा.