"हात लाव रे" म्हणण्याआधी

वजन उचलायच्या चेनब्लॉकची साखळी ओढताना एका माणसाला जड जाऊ लागलं की आपल्याकडे लगेच हाक जाते, "अरे ये रे, हात लाव!" मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी या हाकेनंतरच सुरू झाल्या आहेत.

मी आधी मुरबाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. आता शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत बोअरच्या मोटारी काढायची-बसवायची कामं करतो. तानसा आणि भातसा धरणं शहापुरात, त्यांचं पाणी मुंबईला. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे मोटर जळाली की अख्खी वस्ती बोअरभोवती उभी राहते, हंडे घेऊन. घाई तिथूनच सुरू होते.

मुरबाडकडच्या एका गावात एप्रिलअखेर असंच काम चाललं होतं. टोळी दुसऱ्याची, मी फक्त केबलच्या जोडासाठी गेलेलो. मोटर ३०० फुटांवर. सव्वा इंची जीआय पाइपाचा २० फुटी नग साधारण १९ किलोचा, असे पंधरा. त्यात उभं राहिलेलं पाणी नव्वदेक किलो, वर पंप आणि मोटर. सगळं धरून साडेचारशे किलोच्या आसपास. ब्लॉक १ टनाचा. एका पोराने गप्पा मारत ओढावं असं काम. दोन नग सुटेही निघाले. मग साखळी जड झाली. हाक गेली, दुसरा आला, तिसरा अक्षरशः लटकला. खालच्या हुकाचं तोंड फाकलं, क्लॅम्प निसटला, ताणलेला पाइप झटक्यात खाली आला आणि क्लॅम्प केसिंगवर आदळला. क्लॅम्पवर हात ठेवलेल्या पोराची दोन बोटं मधे सापडली. त्याला कल्याणला न्यावं लागलं.

सगळे म्हणाले, हूक कमजोर होता. हुकाचं तोंड बंद ठेवणारी पट्टी आधीच तुटलेली होती, तिच्या जागी बाइंडिंग तार गुंडाळली होती, हे खरंच. पण हूक बिचारा आपलं काम करत होता. तो मुद्दाम असा बनवतात की तुटण्याआधी वाकावा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं. बघत कोणी नव्हतं.

हिशेब सोपा आहे. १ टनाचा ब्लॉक पूर्ण १ टन उचलताना हातसाखळीला साधारण ३० ते ३५ किलोची ओढ लागते. म्हणजे एका माणसाचं काम. तिघांनी लटकून १०० किलोची ओढ दिली, तर वजनाच्या साखळीवर ३ टनांच्या आसपास ताण जातो. कारखान्यात ब्लॉक दीडपट वजनावर तपासून देतात, तिप्पट नाही. तुमची मोटर पाइपांसकट साडेचारशे किलोची असली तरी ती गाळात किंवा पडलेल्या दगडात अडकली की ब्लॉकला मोटर नाही, जमीन उचलायला सांगताय. हे फक्त ओढणाऱ्याच्या हाताला कळतं. तो हात म्हणजेच काटा. दुसरा माणूस आला की काटा बिघडला. जीप किंवा ट्रॅक्टर लावून साखळी ओढणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

काम सुरू करण्याआधी मी काय बघतो ते सांगतो. दोन्ही हुकांच्या तोंडाचं माप ब्लॉक नवा असतानाच घेऊन ठेवतो. नंतर ते विसात एक भागानेही वाढलेलं दिसलं तर हूक बदलायचा. ठोकून सरळ केलेला हूक घ्यायचा नाही. वजनाची साखळी चिंधीने पुसून कडी-कडी बोटांतून काढायची: जिथे कड्या एकमेकींवर घासतात तिथेच झीज होते, बाहेरून दिसत नाही. साखळीला पीळ नको. दोन पदरी ब्लॉकमध्ये खालचा हूक साखळीतून उलटा निघाला की पीळ बसतो, आणि तो पाहणाऱ्याला साधा गुंता वाटतो. वेल्डिंग केलेली किंवा बोल्ट घालून जोडलेली कडी दिसली तर तो ब्लॉक परत गाडीत.

ब्रेक मात्र डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. वर ओढताना आतून टकटक आवाज यायलाच हवा. तो रॅचेटवरच्या खटक्याचा. आवाज नसेल तर थांबा. आवाज असेल तर मग भार चार बोटं उचलून हात सोडायचा आणि बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ बघत बसायचं. सूतभर जरी उतरला तरी ब्लॉक बाद. पावसाळ्यानंतर गंज चढतो म्हणून लोक झाकणावरून तेल ओततात. साखळीला तेल लावा, ब्रेकच्या चकत्यांना नको. त्या घर्षणावरच भार धरतात.

ब्लॉक ज्या तिपाईला टांगतो तिचं एकच सांगतो. सिमेंटच्या ओट्यावर पाय सरकतात, तेव्हा तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा. ब्लॉक बरोबर बोअरच्या वर हवा. तिरकी ओढ पडली की तिपाई आडवी होते.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरच्या सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० माणसं गेली. त्यानंतर काही दिवस नाक्यावर सगळे क्रेनची चर्चा करत होते. चेनब्लॉकबद्दल कोणी विचारलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याची यंत्रं आणि साखळ्या दर बारा महिन्यांत एकदा तरी जाणकाराकडून तपासून नोंद ठेवायला सांगितलं. कंपनीत आम्ही ते करायचो. गावात भाड्याने फिरणाऱ्या ब्लॉकवर कित्येकदा टनाचा आकडाही वाचता येत नाही. आकडा नसेल तर मी तो भाड्याने घेत नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

आणि मोटर अडकलीच तर? एकट्याच्या हाताला जड लागताच थांबायचं. अर्धा फूट खाली सोडायचं, केबल सैल पडली असेल तर ताणून घ्यायची, पान्याने पाइप आटे आवळतात त्याच दिशेने थोडा फिरवायचा. उलटा फिरवला तर खालचा जोड सुटून मोटर तळाला जाईल. मग पुन्हा एकट्यानेच ओढून बघायचं. दोन-चार वेळा करून नाहीच आली, तर क्लॅम्प केसिंगवर टेकवून भार ब्लॉकवरून उतरवायचा, लोकांना मागे घ्यायचं आणि कॉम्प्रेसरवाल्या गाडीला फोन करायचा. ती गाडी दुसऱ्या दिवशीच येईल. तोवर सरपंचांना सांगून टँकरची एक खेप जास्त मागवावी लागते, ती मागवायची.