बंद खोलीतील उड्डाण : सामान्यविज्ञानाचा एक पाठ

मुलांनी कागदी विमाने करून शाळेच्या पटांगणात सोडली म्हणजे दोन-चार फेकींतच तंटा उभा राहतो. ज्याचे विमान दूर गेले तो आपल्या हस्तकौशल्याची बढाई मारतो. ज्याचे कोसळले तो वाऱ्याला दोष देतो. कोणाचे म्हणणे खरे, हे ठरविण्याचे साधन पटांगणात नसते. म्हणून उडत्या खेळण्यांचा पाठ घ्यावयाचा तर तो वर्गाच्या चार भिंतींआड, दारे-खिडक्या लोटून घ्यावा. स्थिर हवेत खेळणे जे काही करील ते त्याचे स्वतःचे. वाऱ्याची सबब तेथे चालत नाही.

अशाच एका बंद खोलीत विमानविद्येच्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रसंग घडला. सन १८७८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स ह्या गावी, मिल्टन राइट नावाचे धर्मगुरू प्रवासाहून घरी परतले. त्यांनी मुठीत काही तरी लपवून आणले होते. मुलांनी ते पाहण्यापूर्वीच त्यांनी ते हवेत सोडले. खाली पडण्याऐवजी ती वस्तू भिरभिरत छतास जाऊन भिडली, तेथे क्षणभर फडफडली आणि मग जमिनीवर उतरली. बूच, बांबू व कागद ह्यांचे ते हेलिकॉप्टर होते. त्याची शक्ती म्हणजे पीळ दिलेले रबर. पीळ दिलेल्या रबरावर असे खेळणे उडविण्याची युक्ती फ्रान्समधील आल्फोन्स पेनो ह्या तरुणाने सन १८७० मध्ये योजली होती. पुढच्याच वर्षी त्याने पॅरिसच्या तुइलरी बागेत रबरावर चालणारे छोटे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडवून दाखविले.

राइटांच्या घरी त्या वेळी विल्बर ११ वर्षांचा व ऑरव्हिल ७ वर्षांचा होता. खेळणे नाजूक होते. ते लवकरच मोडले. तेव्हा ह्या भावांनी तशीच खेळणी स्वतः करावयास आरंभ केला. लहान प्रती उत्तम उडाल्या. मग कोणत्याही मुलाच्या मनात येईल तेच त्यांच्याही मनात आले : हेच मोठे केले तर किती उंच जाईल! त्यांनी मोठे केले, आणि ते उडेना. जितके मोठे करावे तितके ते अधिकच निकामी ठरे. अखेर मुले निराश होऊन पतंगांकडे वळली. ह्या अपयशाचे कारण मोठेपणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे : लांबी-रुंदी दुप्पट केलेल्या यंत्रास आठपट शक्ती लागते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

हा ‘आठपट’चा हिशेब इयत्ता पाचवीच्या मुलासही उमगतो. त्यास सूत्र सांगण्याची गरज नाही. आठ रिकाम्या काड्यापेट्या पुरेत. एक पेटी एकीकडे ठेवावी. उरलेल्या सातांपासून तिच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद व दुप्पट उंच पेटी रचून दाखवा, असे मुलांस सांगावे. सात पुरत नाहीत. एकीकडे ठेवलेली आठवीही उचलून घ्यावी लागते. मग रचलेल्या राशीचा वरचा पृष्ठभाग मोजावयास सांगावे. तेथे मात्र चारच पेट्या दिसतात. वजन आठपट झाले, पण हवेवर टेकणारे अंग चौपटच वाढले. पंखाच्या प्रत्येक भागावर दुप्पट भार पडला. रबराची जोडी वाढवून हे भागत नाही, कारण रबरालाही वजन असते.

हाच नियम उलट बाजूने पाळून घरात विमाने उडविणाऱ्या हौशी मंडळांनी नवल करून दाखविले आहे. त्यांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या रबरी विमानाचा पंख ५५ सेंटीमीटर लांब असू शकतो आणि त्याचे रबराखेरीज वजन अवघे १.४ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही कमी. रबर फार तर ०.४ ग्रॅम. सांगाडा बाल्सा नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाचा. त्यावर डोळ्यांस जेमतेम दिसणारा पापुद्रा. पूर्वी हा पापुद्रा पाण्यावर विशिष्ट द्रावण ओतून तयार करीत व तारेच्या चौकटीवर अलगद उचलून घेत. असे विमान माणसाच्या चालण्याच्या गतीहूनही सावकाश फिरत वर चढते, आणि छत उंच असल्यास अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहते. जवळून कोणी झपकन गेला तरी ते हेलकावते. म्हणून मंडळातील लोक अशा वेळी हलक्या पावलांनी वावरतात, आणि विमान तुळईकडे वळू लागले तर दोरीस बांधलेल्या फुग्याने त्यास हळूच बाजूस सारतात. रुमानियात स्लानिक येथील मिठाच्या खाणीत, जमिनीखाली दोनशे मीटरांहून खोल, ह्यांच्या जागतिक स्पर्धा भरल्या आहेत. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे वायुनौकांसाठी बांधलेल्या प्रचंड कोठारांतही हे हौशी लोक वर्षानुवर्षे जमत. विजेरीवर व बिनतारी नियंत्रणावर चालणारी छोटी विमाने आणि हेलिकॉप्टरे अलीकडे व्यायामशाळांतून उडतात. पण ती खर्चाची बाब आहे आणि ह्या पाठास त्यांची गरजही नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग साध्या कागदाच्या भिरभिऱ्याचा आहे. ४ सेंटीमीटर रुंद व १४ सेंटीमीटर लांब पट्टी घ्यावी. वरून मध्यभागी ६ सेंटीमीटर उभी चीर द्यावी. ह्या चिरेच्या टोकाखाली १ सेंटीमीटर जागा सोडून दोन्ही कडांकडून रुंदीच्या एक-तृतीयांशापर्यंत आडवे काप द्यावेत. खालच्या भागाच्या दोन्ही बाजू मध्यावर दुमडून दांडा करावा व दांड्याचे शेवटचे टोक १ सेंटीमीटर वर दुमडावे. वरच्या दोन पात्या परस्परविरुद्ध दिशांस वाकविल्या की भिरभिरे तयार झाले. दुसरे त्याच कागदाचे, परंतु प्रत्येक माप दुप्पट घेऊन करावे. तिसरे दुसऱ्याएवढेच, पण दोन कागद पातळ खळीने चिकटवून व पूर्ण वाळवून करावे. तळाशी टाचणी खोचण्याची सवय अनेकांस असते. येथे ती खोचू नये, कारण लहानमोठ्यांस सारखीच टाचणी लागून वजनाचा हिशेब बिघडतो.

पंखा असल्यास तो बंद करावा. सोडण्यापूर्वी कोणते आधी खाली पोहोचेल, हे प्रत्येक मुलाने पाटीवर लिहावे. हा भाग गाळू नये. आधी मत न मांडलेल्या मुलास निकालाचे काहीच वाटत नाही. मग दोन-दोन भिरभिरी एकाच उंचीवरून, एकाच वेळी सोडावीत. घड्याळ लागत नाही. दुसरे व तिसरे सोबत सोडले तर तिसरे आधी उतरते : आकार तोच, भार दुप्पट. पहिले व दुसरे ह्यांत मात्र फारसा फरक पडू नये, कारण कागद तोच असल्याने वजनही पृष्ठभागाइतकेच, म्हणजे चौपट वाढलेले असते. तथापि दुसऱ्याच्या पात्या पुष्कळदा लुळ्या पडून वर वाकतात व ते लवकर खाली येते. येथे चलाख मूल विचारील, ‘गुरुजी, मग कागद जाड का घेऊ नये?’ त्यास तिसऱ्या भिरभिऱ्याकडे बोट दाखवावे. मोठ्या अंगास ताठ राहण्यासाठी जाडी लागते, आणि जाडी आली की आठपटीचा हिशेब आलाच. राइट बंधूंची मोठी खेळणी नेमकी ह्या कात्रीत सापडली होती.

एक गोष्ट शिक्षकांनी कटाक्षाने टाळावी. ज्याचे भिरभिरे लुळे पडले त्याच्या हातून ते घेऊन स्वतः दुरुस्त करून देण्याचा मोह होतो. वेळ वाचतो हे खरे. पण मुलाच्या हाती फक्त गुरुजींचे भिरभिरे राहते. त्याचे बिघडलेले भिरभिरे तसेच ठेवावे आणि त्याने एका वेळी एकच बदल करून ते पुन्हा सोडावे. वर्ग हसला तर वर्गास आवरावे. ऑरव्हिल राइटबद्दल अशी हकीकत सांगतात की, तो वर्गात बाकावर लाकडाचे तुकडे घेऊन बसलेला त्याच्या शिक्षिकेस आढळला. काय चालले आहे, असे विचारता त्याने उडत्या यंत्राचे भाग जुळवीत असल्याचे सांगितले. तास बुडाल्याचा राग कोणत्याही शिक्षकास यावा असाच तो प्रसंग होता.

पुढे १९०० व १९०१ साली ह्या भावांनी समुद्रकिनारी मोठी ग्लायडरे उडविली, तेव्हा पंखांचे उचलबळ अपेक्षेहून फारच कमी भरले. वाऱ्यास दोष न देता ते डेटन येथील आपल्या सायकलींच्या दुकानात परतले. तेथे सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून, तिच्या एका तोंडाशी पंखा बसवून, त्यांनी हातभरही नसलेले पत्र्याचे छोटे पंख एकामागून एक तपासले. असे नमुने दोनशेच्या घरात होते. त्यांवरून बेतलेले १९०२ चे ग्लायडर यशस्वी झाले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र माणसासह १२ सेकंद उडाले.