सावल्यांवरून अंतरंग

इ. स. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत शरीरातील हाडे डोळ्यांना दिसू लागली. तथापि क्ष-किरणांचे साधे छायाचित्र ही वस्तुतः एक सावली असते. किरणाच्या वाटेत एकामागे एक आलेले सर्व अवयव तीत एकावर एक पडतात. कवटीच्या जाड हाडाआड असलेला मेंदूचा मऊ भाग तर तीत जवळजवळ दिसतच नाही. मग कवटी न उघडता मेंदूतील गाठ पाहावयाची कशी? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आज सर्वांच्या परिचयाचे झालेले सीटी स्कॅन होय. गणित, भौतिकी आणि अभियांत्रिकी या तिन्ही शास्त्रांनी ते शोधले. परंतु ती परस्परांस फार उशिरा भेटली.

चार घरांचे कोडे

एक चौरस घेऊन त्याची चार सारखी घरे करा. कोणते घर क्ष-किरणांचे किती शोषण करते, हे आपणांस ठाऊक नाही. किरण आरपार सोडला असता त्याच्या वाटेतील घरांच्या शोषणाची बेरीज तेवढी कळते. आत शिरलेल्या व बाहेर पडलेल्या किरणांच्या तीव्रतांचे गुणोत्तर काढून त्याचा लॉगरिथम घेतला, की ही बेरीज मिळते.

समजा, वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ५ आणि डाव्या व उजव्या स्तंभांची प्रत्येकी ६ आली. वर ५ व २, खाली १ व ४ असे अंक मांडले, तर सर्व बेरजा जुळतात. पण वर ४ व ३, खाली २ व ३ असे मांडले तरीही त्या जुळतातच! यावरून दोन दिशांच्या सावल्या पुरेशा नाहीत, हे उघड होते. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरपा किरण सोडा. त्याची बेरीज ९ आली, तर दुसरी मांडणी बाद होते, कारण तीत ही बेरीज ७ भरते. पहिली मांडणी तेवढी उरते.

सीटी स्कॅनमध्ये हेच करावयाचे असते. मात्र तेथे घरे चार नसून हजारो असतात, आणि किरणही अनेक दिशांनी सोडावे लागतात.

तीन वाटा

सर्व दिशांच्या सर्व रेषांवरील बेरजा ठाऊक असतील, तर मूळ आकृती निश्चितपणे काढता येते, हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. परंतु तो शुद्ध गणिताचा लेख होता. वैद्यकाच्या जगात तो पोहोचला नाही.

पुढे १९५६ मध्ये केपटाऊन येथील भौतिकीचे अध्यापक ॲलन कॉरमॅक हे तेथील ग्रूट स्कूर रुग्णालयात आठवड्यातून दीड दिवस काम करू लागले. किरणोपचाराची मात्रा ठरविताना शरीर सर्वत्र सारखेच आहे असे धरले जाते, हे त्यांस खटकले. त्यांनी स्वतंत्रपणे गणित मांडले आणि ॲल्युमिनियमच्या गोलाभोवती लाकडाचे कडे बसवून त्याचा पडताळा घेतला. १९६३ व १९६४ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले; पण त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. राडोन यांनी हाच प्रश्न आधी सोडविला होता, हे कॉरमॅक यांस काम आरंभिल्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी कळले!

तिसरी वाट अभियंत्याची. इंग्लंडमधील ईएमआय या कंपनीतील गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांनी या दोघांच्या कार्याची माहिती नसतानाच यंत्र रचिले. त्यांच्या पहिल्या प्रयोगात सुमारे २८,००० मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागले, आणि त्यांवरून चित्र काढण्यास गणकयंत्राला अडीच तास लागले. सुधारलेल्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. कॉरमॅक आणि हाऊन्सफील्ड यांस १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गणना सुलभ झाली

प्रत्येक सावली तिच्या किरणांच्या वाटेने मागे पसरवावयाची आणि अशा सर्व पसरलेल्या सावल्यांची बेरीज करावयाची, ही चित्र काढण्याची एक सोपी रीत आहे. परंतु तीमुळे चित्र धूसर होते. हा दोष घालविण्यासाठी फूरिये रूपांतराचे लांबलचक गणित करावे लागे. गो. ना. रामचंद्रन आणि अ. वि. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखविले, की ते रूपांतर टाळता येते. सावलीतील प्रत्येक मापातून शेजारच्या मापांचा ठराविक अंश आधीच वजा केला आणि मगच ती मागे पसरविली, तर चित्र रेखीव येते व गणनेचे श्रमही पुष्कळ वाचतात. रेडिओ-खगोलशास्त्रात ब्रेसवेल व रिडल यांनी १९६७ मध्ये अशीच रीत योजिली होती. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या चाळणीला दोघा भारतीयांच्या नावांवरून ‘राम-लॅक’ असे म्हणतात.

शिक्षणासाठी बोध

राडोन यांच्या सूत्रापासून पहिल्या रुग्णापर्यंत ५४ वर्षे लोटली. हा सर्व विलंब केवळ अज्ञानामुळे झाला असे म्हणता येणार नाही, कारण एवढी गणना करणारी यंत्रे १९१७ मध्ये नव्हती. परंतु यंत्रे आल्यानंतरही एकच प्रश्न गणिती, भौतिकीवेत्ता, खगोलशास्त्रज्ञ आणि अभियंता यांनी वेगवेगळ्या दालनांत बसून पुन्हा पुन्हा सोडविला.

ज्यांनी ही दालने ओलांडली, त्यांचे शिक्षण पाहण्यासारखे आहे. कॉरमॅक यांनी विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ विद्युत अभियांत्रिकीने केला व नंतर ते भौतिकीकडे वळले. रामचंद्रन हेही १९४२ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत अभियांत्रिकीसाठीच दाखल झाले आणि लवकरच रामन यांच्या भौतिकी विभागात गेले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास शुद्ध गणित कशासाठी, आणि भौतिकीच्या विद्यार्थ्यास रुग्णालयाशी काय कर्तव्य, असे प्रश्न वारंवार विचारले जातात. सीटी स्कॅनच्या यंत्रातून बाहेर येणारे प्रत्येक चित्र हे त्यांचे उत्तर आहे.

अभ्यास

१. चार घरांच्या चौरसात ओळींच्या बेरजा ९ व ७, स्तंभांच्या बेरजा ५ व ११ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या कर्णाची बेरीज ८ आहे. चारही अंक शोधा.

२. कर्णाची बेरीज दिली नसती, तर आणखी कोणत्या मांडण्या शक्य झाल्या असत्या? त्यांपैकी दोन लिहा.